आई-बाबांना, नागरिकत्वाच्या शपथेआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा पावसावर बोलायला लागतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे. पुढच्या महिन्यात इथल्या कौन्सिलच्या सभागृहात मी ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ घेणार आहे. हे ठरलं आहे. पण तुमच्याआधी नात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ नये, एवढं मनात होतं.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न असणार की दोन्ही ठेवता येत नाही का. 2002 पासून इथल्या कायद्याची दुहेरी नागरिकत्वाला काही हरकत उरलेली नाही. फक्त खासदार व्हायचं तर घटनेचं कलम 44 आडवं येतं. 2017 मध्ये इथल्या उपपंतप्रधानांचीच खासदारकी त्यापायी गेली होती. मला ती भीती नाही! अडवतो तो आपला 1955 चा नागरिकत्व कायदा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की भारताचं आपोआप संपतं, असं त्याचं कलम 9 सांगतं.

मग कशाला घेतेस, असं आई म्हणेल. आई, मला कायमस्वरूपी म्हणतात तो व्हिसा मिळाला, पण त्यावर बाहेर जाऊन परत यायची मुभा पाचच वर्षांची असते. पुढची पाच वर्षं हवी तर गेल्या पाचांतली दोन वर्षं इथे राहिल्याचं दाखवावं लागतं. नाही दाखवता आलं, तर कारणं, पुरावे आणि मिळेल तेवढी थोडी मुदत. उद्या तुझ्या गुडघ्यांचं करायचं ठरलं, बाबांचं काही निघालं, आणि मी लांबलचक तिकडे राहिले, तर परतीची वाट अडू शकते. नागरिकाला ही अट नाही. आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते ओसीआय कार्ड असलं की भारतात किती दिवस राहायचं याला मर्यादा नाही, पोलिसांकडे नोंदणी नाही, दरवेळी व्हिसा नाही. म्हणजे इकडचा पासपोर्ट घेतला की मला तुमच्याकडे जास्त राहता येणार आहे. उलटं वाटतं, पण आहे असंच.

शपथ अगदी छोटी आहे: ऑस्ट्रेलियाशी आणि इथल्या लोकांशी निष्ठा ठेवीन, त्यांच्या लोकशाहीवर माझाही विश्वास आहे, हक्क आणि स्वातंत्र्याचा मान राखीन, कायदे पाळीन. त्यात ब्रिटनच्या राजाचं नाव नाही आणि आपल्या देशाविरुद्ध एक अक्षर नाही. देवाचं नाव घेऊन किंवा न घेता, दोन्ही प्रकारे म्हणता येते. आई, मी घेऊनच म्हणणार आहे, तुझा जीव थंड होऊ दे. समारंभ 26 जानेवारीला नाही. 1788 मध्ये इंग्रजांचा तांडा त्या दिवशी सिडनीला उतरला म्हणून इथे तो राष्ट्रीय दिवस, पण इथल्या मूळ लोकांसाठी तो आक्रमणाचा दिवस आहे. आपल्या प्रजासत्ताक दिनाला मीही असं काही केलं नसतं.

सुरुवातीला या जमिनीच्या मूळ राखणदारांचा, मेलबर्नच्या आमच्या भागात वुरुंजेरी लोकांचा, मानाने उल्लेख करतात. तो मला नुसता उपचार वाटत नाही. ही जमीन कुणाचीच नव्हती, ही समजूत इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या माबो निकालात मोडून काढली. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की मूळ वंशाचा माणूस परदेशात जन्मला आणि नागरिक नसला, तरी त्याला परका ठरवून हाकलता येत नाही. त्यांचं या मातीशी नातं कागदाच्या आधीचं आहे. माझं तसं नाही. माझं इथलं नातं कागदाचंच, म्हणून तो कागद पक्का असलेला बरा. कागदाच्या आधीचं माझं जे काही आहे ते ओढ्यापलीकडे आहे, आणि ते कुठलंही कार्यालय काढून घेत नाही.

मतदानाचं मात्र मलाही लागलं. सात वाजता रांगेत पहिले उभे राहणाऱ्या माणसाची मुलगी मी. पण परदेशातून मत द्यायचं तर आपल्या मतदारसंघात स्वतः हजर राहावं लागतं, ते जमत नव्हतंच. इथे 1924 पासून मतदान सक्तीचं आहे. देशाच्या निवडणुकीला विनाकारण गेलं नाही तर 20 डॉलर दंड. शनिवारी, शाळेत, बाहेर सॉसेज भाजत असतात. गावच्या यादीतलं माझं नाव फॉर्म 7 भरून काढायचं आहे, ते मी दादाशी बोलून करते. तुम्ही चावडीवर जाऊ नका.

आता नीट वाचा. शपथ घेतली त्या क्षणापासून माझ्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. आधी इकडचा पासपोर्ट, मग जुना जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआयचा अर्ज. यात काही आठवडे जातात. मधल्या काळात तातडीने यायची वेळ आली तर इकडचा पासपोर्ट जादा पैसे भरून कामाच्या दोन दिवसांत मिळतो, पण भारताचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. म्हणून बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकतर या महिन्यात उरका, नाहीतर कार्ड येईपर्यंत थांबा. डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. आणि काही झालं तर ‘पोरगी उगाच घाबरेल’ म्हणून लपवायचं नाही. मागच्या वेळेसारखं अजिबात नाही.

विहिरीकडच्या जमिनीचं बक्षीसपत्र माझ्या नावे करायची घाई तुम्ही चालवली होती, ती थांबवा. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, मग पासपोर्ट आपला असो की परका. म्हणजे या शपथेने त्यात काही बिघडलेलं नाही. वारसाहक्काने मात्र घेता येते. तेव्हा साधं मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे, जमलं तर तुमच्याहून तरुण, सोबत डॉक्टरांचा दाखला. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून टाका. ‘आत्ताच कशाला मृत्युपत्र’ असं आईने म्हणू नये. सातबारावरचे वाद यातूनच टळतात. माझ्या मते जमीन दादाच्या नावे जावी, कसतो तो. मला माडीवरची खोली पुरे.

तुम्हाला इकडे उचलून आणायचा बेत नाही, घाबरू नका. कायमच्या पालक व्हिसाची साधी रांग तीसेक वर्षांची आहे, आणि चुलीमागचा कोनाडा सोडून आई इथे करमेल कशी? थंडीत या, व्हिजिटर व्हिसावर. तेव्हा इथे उन्हाळा असतो. ज्वारीचं पीठ इथे सहज मिळतं, ते आणू नका. कढीपत्ता, पेढे, बर्फी विमानतळावरच काढून घेतात. बाकी खाण्याचं जे असेल ते इथे उतरताना भरायच्या कार्डावर ‘हो’ म्हणून लिहायचं. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड. गोळ्या तीन महिन्यांपुरत्याच, मूळ पाकिटात, सोबत इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. डब्यात काढून आणू नकोस, आई. भारताशी इथला आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे विमा मी इथूनच काढीन.

एक काम आहे. ओसीआयच्या अर्जात तुमची नावं मला बिनचूक लिहायची आहेत, आणि आईचं नाव कुठे सासरचं, कुठे माहेरचं असं लागलेलं आहे. दोघांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान टेबलावर सपाट ठेवून, खिडकीजवळच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असे फोटो काढा आणि मला पाठवा. फ्लॅश नको, चमकतं. बाबांना जमलं नाही तर शेजारच्या पोराला बोलवा, पण माझ्या चुलतबहिणीला नको, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल.

आई, रागावली असशील तर रागाव, पण रविवारी फोन उचल.

तुमची,
मनू