योगदिनालाच विचारायचा एक प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. मीही शिकागोजवळ मुलाकडे जाते. जूनमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी लागली की नातवंडे रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी खेळायला जातात. त्यांना सोडायचे-आणायचे काम बहुधा आपल्याकडेच येते, म्हणून हे पत्र.

तिथे जूनचा पहिला शुक्रवार बंदुकांच्या हिंसाचाराविरुद्ध जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. लोक नारिंगी कपडे घालून बागांत, चौकांत जमतात. याचे मूळ शिकागोतच आहे. हदिया पेंडलटन ही १५ वर्षांची मुलगी ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यात सहभागी झाली होती आणि आठवड्याभराने, २९ जानेवारी २०१३ला, बागेत मैत्रिणींसोबत असताना गोळी लागून गेली. चुकून एकमेकांच्या गोळीला बळी पडू नये म्हणून शिकारी रानात नारिंगी घालतात. तिच्या मित्रमैत्रिणींनी तोच रंग उचलला. २ जून २०१५ला, ती १८ वर्षांची झाली असती त्या दिवशी, हा दिवस पहिल्यांदा देशभर पाळला गेला.

अशा ठिकाणी आपली माणसे मला फारशी दिसली नाहीत. आपल्या घरात बंदूक नाही, मग आपला काय संबंध, असे बऱ्याच जणांना वाटते. पण नातू ज्या घरी खेळायला जातो, तिथे काय आहे? अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहतात, जिथे एखादी तरी बंदूक भरलेली आणि कुलुपाविना असते. २०२० पासून तिथल्या १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हेच आहे. रोगराई नाही, रस्त्यावरचा अपघातही नाही! बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

म्हणूनच २१ जूनला तिथे आणखी एक दिवस पाळतात. मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी पालकांनी एवढेच विचारायचे: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलुपात आहे का? बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. शेंगदाण्याची ॲलर्जी, घरातला कुत्रा याबद्दल आपण न संकोचता बोलतो, त्याच ओघात हेही विचारता येते. माझ्या सुनेने विचारले, तेव्हा समोरच्या आईला राग आला नाही. तिने कपाट उघडून लोखंडी पेटी दाखवली.

२१ जून हा योगदिनही आहे. तिथली महाराष्ट्र मंडळे त्या सुमारास बागेत योगाचे कार्यक्रम घेतात, तिन्ही पिढ्या जमतात. तिथेच एक टेबल मांडावे आणि स्थानिक पोलिसांना बोलवावे. अनेक गावांतले पोलीस बंदुकीला लावायची कुलुपे फुकट वाटतात. मंडळांच्या कार्यकारिणीत असलेल्या आपापल्या मुला-सुनांना वाचकांनी हे जरूर कळवावे. तिथले कार्यक्रम बरेच आधी ठरतात, म्हणून शक्य असल्यास पत्र एप्रिलपूर्वी छापावे, ही विनंती.

आपली,
एक आजी, कोथरूड, पुणे