टेनिसच्या बातमीत गुणांचा हिशेबही द्यावा

महोदय,

आपल्या क्रीडापानावर पुरुष टेनिसची बातमी बहुधा ग्रँड स्लॅमपुरती, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपुरती येते. एरवी सोमवारी क्रमवारी जाहीर झाली की ‘अमुक घसरला, तमुक वर सरकला’ एवढीच ओळ. का घसरला, ते मात्र कळत नाही. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉलला जास्त जागा मिळणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेनिसला मिळतात त्या चार ओळींतही थोडा हिशेब बसू शकतो.

एटीपी या पुरुष टेनिसच्या व्यावसायिक संघटनेची क्रमवारी ही मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. गेल्या वर्षी एखाद्या स्पर्धेत मिळवलेले गुण यंदा ती स्पर्धा संपताच वजा होतात आणि नवे जमा होतात. २०२५चे विम्बल्डन घ्या. कार्लोस अल्काराझ अंतिम सामन्यात यानिक सिनरकडून हरला. उपविजेतेपदाचे १३०० गुण त्याला मिळाले, पण २०२४च्या विजेतेपदाचे २००० गेले. म्हणजे अंतिम फेरी गाठूनही खात्यातून ७०० वजा! सिनर आदल्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला होता. त्याचे ४०० गेले, २००० आले, निव्वळ कमाई १६००. हे आकडे दिले असते तर वाचकाला आणखी काही समजावून सांगावे लागले नसते.

दुसरा घोळ ‘रेस’चा. जानेवारीत सगळ्यांची पाटी कोरी करून सुरू होते ती रेस, म्हणजे त्या वर्षापुरत्या गुणांची यादी, आणि मोसमाअखेरच्या तुरीनच्या एटीपी फायनल्ससाठीचे आठ जण तिच्यातून ठरतात. म्हणून एप्रिलमध्ये क्रमवारीत पाचवा असलेला खेळाडू रेसमध्ये पंधरावा असू शकतो. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत, एकीचा आकडा दुसरीच्या नावाखाली छापू नये. आठपैकी एक जागा ग्रँड स्लॅम जिंकूनही पहिल्या आठांत नसलेल्या, पण विसाव्या क्रमांकाच्या आत असलेल्या खेळाडूसाठी राखीव असते, तेवढा अपवाद.

‘मानांकित खेळाडू दुसऱ्या फेरीत गारद’ हे वाक्यही जपून लिहावे. ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या, मास्टर्स १००० दर्जाच्या नऊ स्पर्धांपैकी माँटे कार्लो आणि पॅरिस आठवडाभरात आटोपतात. उरलेल्या सात लांबल्या आहेत. त्यांत ९६ खेळाडू असतात आणि ३२ मानांकितांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल मिळते. तेव्हा मानांकिताची दुसरी फेरी हा त्याचा पहिलाच सामना असतो आणि तो हरला तर हाती पडतात पहिल्या फेरीचे १० गुण. बायमुळे फेरी पुढे जाते, गुण नाही.

कोर्टाचा पृष्ठभाग तर बातमीत जवळजवळ कधीच नसतो. निम्मे निकाल त्यावर फिरतात, असे आमचे मत आहे. पॅरिसच्या फ्रेंच ओपनची ‘लाल माती’ म्हणजे विटांची भुकटी. चुनखडीच्या थरावर तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तेल, ताक, हळद मुरलेल्या आपल्या आखाड्याशी तिचे नाते रंगापुरतेच. तिच्यावर चेंडू मंदावतो, उंच उसळतो आणि खेळाडू घसरत जाऊन फटका मारतो. त्यामुळे नुसत्या सर्व्हिसवर सामना काढणे अवघड, रॅली लांबतात. विम्बल्डनचे राय गवत आठ मिलिमीटरवर कापलेले असते. तिथे चेंडू खाली राहतो आणि सरकून येतो, गुडघे वाकवून खेळावे लागते. या दोन स्पर्धांच्या मध्ये मिळतात फक्त तीन आठवडे. मातीतला मल्ल मॅटवर उतरल्यावर पहिल्या काही लढतींत का चाचपडतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ‘धक्कादायक निकाल’ लिहिण्याआधी त्या खेळाडूचा गवतावरचा पूर्वीचा निकाल पाहावा. पुष्कळदा धक्का बसण्यासारखे काही नसते.

आणि पुणे. बालेवाडीतली एटीपी २५० दर्जाची (विजेत्याला २५० गुण देणारी) स्पर्धा २०२३ नंतर गेली, आता तिथे खालच्या पायरीची चॅलेंजर होते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. २०२४ साली ती जिंकणारा मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो पुढच्या वर्षी २०४ व्या क्रमांकावरून, पात्रता फेरी खेळून, शांघाय मास्टर्सचा विजेता झाला. चॅलेंजरच्या आठवड्यात उपांत्यपूर्व फेरीपासूनचे निकाल छापले तरी आमचे समाधान होईल.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपनचे रात्रीचे सत्र आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते. तो निकाल त्या दिवशीच्या अंकात येणे शक्यच नाही. मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मात्र दिवसाचे सामने आपल्या पहाटे साडेपाचला आणि रात्रीचे सत्र दुपारी दीडला सुरू होते. ते सारे दुसऱ्या दिवशीच्या अंकात गुणांसह द्यायला वेळेची अडचण नसावी.

— काही टेनिसप्रेमी वाचक, कोल्हापूर