हमी आणि थकीत बिलेही कर्जच

संपादक महोदय,

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आले की ‘प्रत्येकाच्या डोक्यावर एवढे कर्ज’ हा मथळा ठरलेला. राज्याच्या ९ लाख ३२ हजार कोटींना लोकसंख्येने भागायचे की विरोधकांचे भाषण तयार. सत्ताधारी उत्तर देतात की २०२५-२६च्या अंदाजानुसार हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतच आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तिजोरीची अवस्था त्यातल्या एकावरूनही कळत नाही.

दरडोई भागाकारात देणेकरी मोजले जातात, घेणेकरी मात्र कोणी मोजत नाही. सीताबर्डीतल्या कुठल्याही बँकेत १०० रुपयांची ठेव ठेवा. वैधानिक तरलता प्रमाणानुसार त्यातले किमान १८ रुपये बँकेला रोकड, सोने किंवा सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारने कर्ज घेताना विकलेल्या कागदांत, ठेवावे लागतात आणि व्यवहारात ते बहुतेक रोखेच असतात. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचा पैसाही मोठ्या प्रमाणात तिथेच जातो. म्हणजे सरकारी व्याजाचा बराचसा भाग करदात्याकडून ठेवीदाराकडे आणि निवृत्तिवेतनधारकाकडे वळतो. श्रीलंकेने एप्रिल २०२२मध्ये हात वर केले ते परदेशी चलनातल्या कर्जापायी. आपल्या केंद्राचे बहुतांश कर्ज रुपयांत आहे. त्यामुळे ‘आपलीही श्रीलंका होणार’ हे भाकीत निदान या कारणासाठी तरी फोल आहे.

दुसरी बाब गतीची. केंद्राचे कर्ज देशाच्या स्थूल उत्पन्नाच्या ५७ टक्के धरा, सरासरी व्याज ७ टक्के आणि चालू किमतींनुसार अर्थव्यवस्थेची वाढ १० टक्के. व्याज सोडून बाकीचा खर्च सरकारच्या उत्पन्नात भागला, तर अर्थव्यवस्था कर्जापेक्षा वेगाने वाढल्याने हे प्रमाण वर्षाला सुमारे दीड टक्क्याने आपोआप उतरते. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात व्याज सोडून उरणारी तूट, म्हणजे प्राथमिक तूट, ०.८ टक्के होती, म्हणजे उतार जवळपास निम्मा होतो. महागाई फार खाली आली आणि वाढ ८ टक्क्यांवर घसरली, तर उताराचा चढ व्हायला वेळ लागत नाही. महागाई कमी झाल्याने अर्थमंत्र्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या अशा.

मग कर्ज बोचते कुठे? केंद्राच्या २०२५-२६च्या अंदाजपत्रकात ३४ लाख २० हजार कोटींच्या महसुलातून १२ लाख ७६ हजार कोटी, म्हणजे ३७ टक्के, व्याजातच जातात. राज्याचे दुखणे वेगळे आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार २३५ कोटी होती आणि तिच्यात महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चातली तूट, ४५ हजार ८९१ कोटी. उसन्या घेतलेल्या दर तीन रुपयांतला एक पगार, अनुदान, निवृत्तिवेतन आणि व्याजातच खर्ची पडतो, त्यातून रस्ता किंवा धरण उभे राहत नाही. त्यात लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६ हजार कोटींची होती. दरमहा १,५०० रुपये बाईच्या हाती पडणे आम्हाला गैर वाटत नाही, तो पैसा गावच्या बाजारातच फिरतो. पण कायमचा खर्च कायमच्या करातून भागवावा. दहा वर्षांचे रोखे विकून चालू महिन्याचा हप्ता दिला, तर दहाव्या वर्षी मुद्दल फेडण्यासाठी पुन्हा रोखेच विकावे लागतात.

अर्थसंकल्पातले हे आकडेही टिकत नाहीत. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७ हजार ५०० कोटींच्या आणि डिसेंबर २०२५मध्ये नागपुरात ७५ हजार कोटींहून अधिकच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. यातली काही रक्कम निव्वळ हिशेबाच्या फिरवाफिरवीची असते. म्हणून ढोबळ रकमेवर भांडण्याऐवजी आमदारांनी ‘निव्वळ भार किती?’ हा प्रश्न विचारावा.

‘सरकारने लुडबुड करू नये, बाजारच शिस्त लावतो’ म्हणणाऱ्यांनी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव बघावा. रिझर्व्ह बँक तो साधारणपणे मंगळवारी घेते. काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या राज्याला आणि उधळ्या राज्याला तिथे जवळपास सारख्याच व्याजाने पैसे मिळतात. बुडाले तर केंद्र सावरून घेईल, हे खरेदीदारांनी गृहीत धरलेले असते. बाजार इथे शिस्त लावत नाही, ती संविधानाच्या अनुच्छेद २९३(३)ने लागते. केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीवाचून कर्ज काढता येत नाही.

या कुंपणालाही भगदाड पडले होतेच. राज्याने स्वतः कर्ज न घेता महामंडळाला घ्यायला लावायचे, वर हमी द्यायची आणि हप्ते राज्याच्याच तिजोरीतून भरायचे. २०२२पासून केंद्राने अशी अर्थसंकल्पाबाहेरची कर्जे राज्याच्या मर्यादेत धरायला सुरुवात केली, हे चांगलेच झाले. सुमारे ५५ हजार कोटींच्या समृद्धी महामार्गासाठी रस्ते विकास महामंडळाने कर्ज काढले. पथकरातून ते फिटले तर उत्तमच. वाहने अंदाजापेक्षा कमी धावली, तर फरक कोण भरणार, हे आजच कागदावर यायला हवे.

सर्वांत दडलेले कर्ज म्हणजे कंत्राटदारांची आणि पुरवठादारांची थकलेली बिले. सरकारी हिशेब रोखीने चालतो. पैसे दिले त्या दिवशी खर्च पडतो, काम झाले त्या दिवशी नाही. त्यामुळे बीम्स या राज्याच्या निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर निधी सुटला नाही, तर झालेले काम तुटीत दिसतच नाही. व्याज मात्र थांबत नाही. ते हिंगणा-बुटीबोरीतला लघुउद्योजक बँकेला भरतो आणि पुढच्या निविदेत दर वाढवून सरकारकडूनच वसूल करतो. गंमत अशी, की खासगी खरेदीदाराने सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे करारानुसार, फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर आयकर कायद्याखाली प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. सरकारी खाते आयकर भरतच नाही, त्यामुळे त्याला या तरतुदीचा धाक नाही. भांडवलदारांवर नियंत्रण असावेच, पण सर्वांत मोठा खरेदीदार त्यातून सुटला आहे.

नियंत्रण किती असावे, हे नागपूरकरांना बाहेरून शिकायची गरज नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे १५० कोटी २००२मध्ये अडकले, ते सरकारी रोख्यांच्याच खरेदीत. रोखा ही देशातली सर्वांत सुरक्षित गुंतवणूक आणि सरकारने तो बुडवलाही नव्हता. बँकेने दलालांना पैसे दिले, रोखे मात्र हाती आलेच नाहीत. ताब्यातला रोखा आणि दलालाने दिलेला व्यवहाराचा कागद यांत फरक आहे, आणि १९९२च्या हर्षद मेहता घोटाळ्यातही बँकांच्या अशाच पावत्यांवर पैसा फिरला होता. त्यानंतर पैसे आणि रोखे एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत आली, पण कागदी रोखे घेऊन दलालामार्फत व्यवहार करणाऱ्या सहकारी बँका तिच्या बाहेर राहिल्या. त्यांच्यावर सहकार खात्याचाही अंमल आणि रिझर्व्ह बँकेचाही, म्हणजे पुरता कोणाचाच नाही. रिझर्व्ह बँकेने २००२मध्ये रोखे केवळ खात्यावर, कागदाविना ठेवणे सक्तीचे केले. जिल्हा बँकांवरचे तिचे अधिकार वाढायला १ एप्रिल २०२१ उजाडला. नागपूर जिल्हा बँकेच्या खटल्याचा निकाल नागपूरच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०२३ रोजी दिला.

या प्रकरणात कायदा नव्हता असे नाही. ‘रोखे खात्यात जमा झाल्याचा उतारा दाखवा, मग पैसे’ एवढी एक पायरी सक्तीची असती, तर पुढचे काही घडले नसते. शंभर परवाने आणि दोनशे ना-हरकत प्रमाणपत्रांनी हे काम होत नाही. उद्योजकाला छळणारी नियंत्रणे कमी करावीत आणि पैसा हात बदलतो तिथली पक्की करावीत, असे आमचे मत आहे.

पुढच्या पुरवणी मागण्यांसोबत सरकारने दोन तक्ते सभागृहात ठेवावेत. पहिल्यात महामंडळनिहाय हमी, त्यांतील शिल्लक रक्कम आणि गेल्या वर्षी तिजोरीने स्वतः भरलेले हप्ते. दुसऱ्यात खातेनिहाय थकीत बिले, देयक सादर झाल्याच्या तारखेसह, कारण तारखेवाचून थकबाकी ४५ दिवसांची की ४५ महिन्यांची, ते कळत नाही.

– काही वाचक, धरमपेठ, नागपूर