वंदेस, मुक्ताबद्दल

प्रिय वंदे,

पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव. माझी साखर आटोक्यात, ह्यांचा गुडघा तसाच. झालं आरोग्य.

मुक्ताला डॉक्टर व्हायचं नाही. सेकंड इयरची परीक्षा तोंडावर आलीय आणि बाईसाहेब म्हणतात, मी मंगा काढणार, जपानी चित्रकथा. ह्यांनी अबोला धरलाय. मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? जे.जे. आर्ट स्कूलचा फॉर्म तुझ्या बाबांनी फाडला तेव्हा तुमच्या माजघरात मीच होते.

जर्नलमध्ये पेशी रंगवायला त्या गुलाबी-जांभळ्या पेन्सिली घेतात ना, त्यांनीच हिची अख्खी कथा रंगलीय. सगळ्यांचे केस जांभळे, गाल गुलाबी. एका पानावर लिव्हरची आकृती, पान उलटलं की त्यातूनच एक पोरगी पळत सुटलीय. आणि खरंच पळतेय गं, पाय जमिनीला टेकलेलाच नाही! वाईट काढलं असतं तर प्रश्न मिटला असता.

तिचा वकील ओसामु तेझुका, जपानचा गाजलेला चित्रकथाकार. तोही मेडिकलचाच म्हणे. मग मीही वाचून काढला, भांडणाआधी अभ्यास करायची माझी खोड तुला ठाऊक आहे. जन्म १९२८चा, वाढला ताकाराझुकात. वडिलांनी घरी प्रोजेक्टर आणलेला, त्यावर डिस्ने आणि चॅप्लिन बघायचा. किड्यांचा इतका नाद की टोपणनावात किड्याचं अक्षर घातलं. (तुझ्या भावानेही किडे पाळले होते. निघाला एलआयसीत.) ओसाकात डॉक्टरकी शिकतानाच त्याच्या चित्रकथा खपत होत्या. शेवटी आईने विचारलं, दोन्हींत तुला जास्त काय आवडतं? चित्रकथा, म्हणाला. मग तेच कर, म्हणाली. मुक्ता ही माऊली मला रोज जेवताना लोणच्यासारखी वाढते.

पण मी पुढचंही वाचलंय. त्याने डॉक्टरकीची परीक्षा पास केली होती. वर १९६१मध्ये, देशभर गाजत असताना, गोगलगायीच्या शुक्रपेशींवर डॉक्टरेट मिळवली. हे ऐकवल्यावर मुक्ता म्हणाली, "प्रॅक्टिस केली का?" नाही केली. "आणि ब्लॅक जॅक कुठून आला?" हा त्याचा परवाना नसलेला सर्जन, १९७३चा. मी म्हटलं, मग तूही आधी डिग्री घे आणि खुशाल सर्जन काढ. दार आपटलं.

पैशाची काळजी ह्यांना. ती खोटी नाही. १ जानेवारी १९६३ला त्याचा 'ॲटम' हा कार्टून कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला, दर आठवड्याला अर्धा तास. भाव एवढा कमी लावला की खर्चही सुटेना. मग चित्रं वाचवायची. नुसतं तोंड हलवायचं, डोळे मिटवायचे, जुन्या हालचाली पुन्हा वापरायच्या. डोकं भारी, पण त्या स्वस्ताईचं जोखड मागून आलेल्यांच्या मानेवर बसलं. तो गेल्यावर मियाझाकीने, तो दुसरा नावाजलेला कार्टूनपटवाला, हे जाहीर सुनावलं. १९७३मध्ये त्याने काढलेल्या कार्टून कंपनीचं, मुशी प्रॉडक्शनचं, दिवाळं वाजलं. आणि हा गडी? इकडे 'बुद्ध' चालू, तिकडे ब्लॅक जॅक. दीड लाख पानं काढली म्हणतात.

१९८९मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला, साठाव्या वर्षी. त्याला आजार सांगितलाच नव्हता. हॉस्पिटलच्या खाटेवरही काढत होता, आणि 'मला काम करू द्या' अशी विनवणी करत होता म्हणे. वंदे, मला हेच छळतंय. ही उपाशी मरेल असं नाही वाटत गं, ही थांबणार नाही असं वाटतं. जेवायला हाक मारली की "हे पॅनल होऊ दे". रात्री कधीही उठले तरी तिच्या दाराखाली उजेड.

तू कशी थांबलीस? की थांबलीच नाहीस? मागे आलीस तेव्हा माझ्या किराण्याच्या यादीवर आमची मांजर काढून ठेवलीस, आणि विचारलं तर म्हणे "पेन चालतंय का बघत होते". खोटारडी. आठवीत माझ्या रांगोळीतल्या मोराला कोंबडी म्हणालीस, तेही लक्षात आहे. कोंबडी नव्हती.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला ना? पडदे फिके घे. सुनेला विचारलंय सांग.

परीक्षा झाली की मुक्ताला तुझ्याकडे पाठवते. उपदेश करू नकोस, माझी बाजूही मांडू नकोस. माळ्यावरची ट्रंक काढ आणि तुझ्या शाळेतल्या वह्या तिच्यापुढे टाक. मग काय बोलायचं ते दोघी बोला. ह्यांना मी सांगितलंय, मावशीकडे शांत अभ्यास होतो.

तुझी,
नीलू