जखमी खेळाडूचा पगार कोण सोसतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याच्या, पगारांवर आपल्या क्रीडा पानावर लेख आला, तो दोनदा वाचला. वर्षातून निम्मे दिवस जायबंदी असणाऱ्या माणसांना शेकडो कोटी वाटणारी ही लीग एक दिवस बुडणार, असा त्याचा सूर होता. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. पुतण्या डॅलसला असल्यामुळे हा खेळ बघायची सवय लागली, आणि खेळापेक्षा त्यातल्या पैशाचे व्यवहार जास्त वाचत गेलो. लेखातली उदाहरणं बरोबर आहेत, पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या दृष्टीने तो घातक आहे, म्हणून हे पत्र.

आधी उदाहरणं. डॅक प्रेस्कॉटने सप्टेंबर 2024 मध्ये डॅलस काउबॉइजशी चार वर्षांचा 24 कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला 6 कोटी डॉलर, आपले पाचशे कोटी रुपये धरा. दोन महिन्यांत मांडीमागचा स्नायू फाटला आणि त्याचा हंगाम संपला. जो बरो या दुसऱ्या क्वार्टरबॅकला सप्टेंबर 2023 मध्ये पाच वर्षांसाठी 27.5 कोटी डॉलर कबूल झाले, नोव्हेंबरात मनगटाने दगा दिला. ॲरन रॉजर्स त्याच वर्षी न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्यांदा उतरला आणि चौथ्याच खेळीत त्याची टाचेची शीर तुटली. वाचणाऱ्याला राग येतो, हे मी समजू शकतो. पण क्वार्टरबॅकचं काम काय ते बघा. चेंडू हातात घेऊन तो उभा राहतो, नजर लांब धावणाऱ्या साथीदारावर ठेवतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवं करायला अंगावर येत असतात. त्यांच्याकडे बघत बसला तर चेंडू टाकता येत नाही. दुखापत हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

आता लीग बुडण्याचं. या लीगमध्ये 1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. 2024 ला ती 25 कोटी 54 लाख डॉलर होती, 2025 ला 27 कोटी 92 लाख झाली. हा आकडा मालकाच्या लहरीवर ठरत नाही. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात 2020 साली झालेल्या कराराप्रमाणे लीगच्या उत्पन्नातला किमान 48 टक्के वाटा खेळाडूंचा, आणि त्यातून ही मर्यादा निघते. उत्पन्न केवढं, तर 2021 साली टीव्हीवाल्यांशी अकरा वर्षांचे करार झाले, त्यांची बेरीज दहा हजार कोटी डॉलरच्या पुढे जाते. हा पैसा 32 संघांत सारखा वाटला जातो.

यातला ग्रीन बे पॅकर्स हा संघ आपल्या लोकांनी जरूर अभ्यासावा. गाव जेमतेम लाखाच्या वस्तीचं, सांगली-मिरजेपुढे लहानच. संघाला मालक कोणी धनाढ्य नाही, 1923 पासून तो भागधारकांचा आहे. भागावर लाभांश नाही, भाग बाजारात विकता येत नाही, आणि ताळेबंदाचे आकडे दरवर्षी लोकांसमोर येतात. 2023 च्या हंगामात त्यांना लीगच्या सामाईक खात्यातून 40 कोटी डॉलर आले. त्या वर्षीची पगारमर्यादा 22 कोटी 48 लाख. म्हणजे एकही तिकीट, एकही टोपी विकण्याआधी पगार भागून वर भरपूर उरले. ताळेबंद वाचण्यातच हयात गेलेल्या माणसाला विचाराल तर या धंद्यात बुडण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडे 2013 च्या ऊसदर कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले 70 टक्के ऊस घालणाऱ्याचे आणि 30 टक्के कारखान्याचे ठरले, त्याच जातीची ही वाटणी आहे. आधी वाटा ठरतो, मग त्या वाट्यात कोणाला किती हा पुढचा प्रश्न.

आणि खरी अडचण त्या पुढच्या प्रश्नात आहे. लेखकाने तिकडे बघायला हवं होतं. मर्यादा आखून दिलेली असल्यामुळे क्वार्टरबॅकला एक डॉलर जास्त गेला की तो मालकाच्या खिशातून जात नाही, संघातल्या बाकीच्या बावन्न जणांच्या ताटातून जातो. न्यूयॉर्क जायंट्सनी मार्च 2023 मध्ये डॅनियल जोन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार केला. त्याच हंगामात आधी मान दुखावली, नोव्हेंबरात गुडघ्याचा लिगामेंट गेला, आणि पुढच्या नोव्हेंबरात संघाने त्याला मोकळं केलं. मधल्या काळात सॅक्वॉन बार्कली हा त्यांचा धावणारा गडी, ज्याला जायंट्सनी मोठा करार दिला नाही, तो फिलाडेल्फियाच्या संघात गेला. तिथे पहिल्याच हंगामात 2,005 यार्ड धावला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. एकाच्या करारापायी दुसऱ्याला कात्री लागते ती अशी. याबद्दल कोणी टीका केली तर मी सही करीन.

पण म्हणून जखमी माणसाचा पगार कापा, हे मला अजिबात मान्य नाही. त्या खेळात बहुतेकांच्या कराराचा मोठा भाग हमीचा नसतो. संघाने मोकळं केलं की उरलेली वर्षं कागदावरच राहतात. 2022 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले, तेव्हा इतर मालक अस्वस्थ झाले. पुढे त्याचा खांदा गेला, ऑक्टोबर 2024 मध्ये टाचेची शीर गेली, तीच जानेवारीत पुन्हा तुटली. वॉटसन हा माणूस म्हणून माझ्या मनातून उतरलेला आहे. वीसहून जास्त महिलांनी त्याच्यावर गंभीर आरोप केले, लीगने 11 सामन्यांची बंदी आणि 50 लाख डॉलर दंड केला. त्याला तो करार द्यायलाच नको होता. पण तो माणूस वाईट निघाला म्हणून हमी ही गोष्ट वाईट ठरत नाही. त्याचं नाव पुढे करून उद्या पंचविशीतल्या साध्या बचावपटूचीही हमी काढून घेतील, आणि नुकसान त्याचं होईल.

आपल्याकडचं गणित मांडतो. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले, वर्षाला साधारण 9,678 कोटी. 2025 मध्ये एका संघाला सामन्यांचं मानधन धरून खेळाडूंवर जास्तीत जास्त 146 कोटी खर्च करता येत होते. दहा संघांचे 1,460 कोटी. नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी ताडलं तरी हे 15 टक्के भरतात, जाहिराती आणि तिकिटं वेगळीच. तिकडे 48, इकडे 15. ऋषभ पंतचे 27 कोटी बघून डोळे विस्फारणाऱ्यांनी हाही भागाकार करावा. प्रो कबड्डीत पवन सेहरावतला 2022 च्या लिलावात तमिळ थलैवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा जाऊन तो हंगामभर बाहेर बसला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. पवन उभा राहिला, कारण तो पवन होता आणि त्याच्यावर पैसे लावायला माणसं तयार होती. आपल्या तालुक्यातला चढाईपटू पडला तर त्याच्यामागे कोण असतं?

हे मी पाहिलेलं आहे. माझा धाकटा मुलगा कबड्डी खेळायचा, डाव्या बाजूने चढाई करायचा. एका मंडळाच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात बोनस घेऊन वळताना कोपऱ्यावरच्या गड्याने घोटा धरला, अंग फिरलं आणि गुडघा जागीच राहिला. आवाज बाहेर बसलेल्यांना ऐकू आला. त्या स्पर्धेचं पत्रक अजून माझ्याकडे फायलीत आहे. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये पहिलं बक्षीस 51 हजार आणि चषक, उत्कृष्ट चढाईपटूला सायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, ‘खेळाडूंनी स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे, दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ मिरजेत ऑपरेशन झालं, दीड लाखाच्या पुढे खर्च गेला. मंडळातल्या पोरांनी आपापसांत वर्गणी काढून पाच हजार आणून दिले. त्या पोरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, त्यांच्याकडे तेवढेच होते. मुलाचं राज्य स्पर्धेचं वर्ष गेलं, आणि प्रमाणपत्राबरोबर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशाही गेली. आता तो कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. जिना उतरताना अजून कठड्याला धरतो.

तेव्हा जखमी झाल्यावरही पगार मिळणारा क्वार्टरबॅक वाचून मला राग आला नाही. निदान कुठेतरी कोणीतरी ती जबाबदारी कागदावर घेतो, असं वाटलं.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. 2023 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीच्या 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला, हप्ता माणशी 75 रुपये. एका दिवसाच्या उत्सवाला जे जमलं ते तीन दिवसांच्या स्पर्धेला का जमू नये? सोळा संघ, प्रत्येकी बारा खेळाडू, म्हणजे 192 जण. त्याच दराने 14,400 रुपये होतात. स्पर्धेसाठी विमा कंपनी दर जास्त लावेल, दुप्पट-तिप्पट धरा, तरी पहिल्या बक्षिसाच्या आत बसतो. फक्त पॉलिसी घेताना लिगामेंटचं ऑपरेशन त्यात धरलं आहे का, हे बघून घ्यावं लागेल. मृत्यूच्या भरपाईचा मोठा आकडा पत्रकावर छान दिसतो, गुडघ्याच्या बिलाला त्याचा उपयोग नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. जिल्ह्यातल्या कबड्डी संघटनेने स्पर्धेला मान्यता देताना विम्याची पावती मागावी, आणि पावती नसेल तर पंच पाठवू नयेत. आणि आपल्या पानावर स्पर्धेची बातमी किंवा जाहिरात येते, तेव्हा बक्षिसाच्या रकमेखाली खेळाडूंचा विमा उतरवला आहे की नाही, एवढी एक ओळ आयोजकांकडून घेऊन छापावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस, ता. वाळवा, जि. सांगली