आई-बाबा, त्या थीम पार्कमधल्या जेवणाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मुलांनी तुम्हाला थीम पार्कमधल्या राइड्सचं सगळं वर्णन केलं. जेवणाचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं होतं की पत्रात लिहिते. बाबा, इतकी वर्षं कँटीन सांभाळलेल्या माणसाशी हा विषय दोन मिनिटांत संपणारा नाही. शिवाय पुढच्या सुट्टीत तुम्ही दोघं आमच्याबरोबर येणार आहात, तेव्हा आईच्या गोळ्या आणि जेवणाची वेळ यांचा विचार आत्ताच झालेला बरा.

जेवण वाईट होतं. महाग असणार हे गृहीत धरूनच गेलो होतो, त्याचं दुःख नाही. पण एवढे पैसे मोजल्यावर निदान गरम, ताजं आणि पोटभर मिळावं, तर त्यातलं एकही मिळालं नाही. दोन दिवस झाले तरी माझा राग गेलेला नाही.

जागा मात्र सुंदर होती, ते आधी सांगते. चाच्यांच्या जहाजाच्या पोटात बसून जेवायचं अशी कल्पना. छताला जाड दोरखंड, कोपऱ्यांत पिंपं, डुलणारे कंदील. थोड्या थोड्या वेळाने खिडक्यांमागे वीज चमकायची, मग ढगांचा गडगडाट. सजावटीत कुठेही हात आखडता घेतलेला नव्हता. लाकडावरचे ओरखडेसुद्धा कुणीतरी बसून रंगवलेले होते. धाकटी तर पाच मिनिटं तोंड उघडं टाकून छताकडेच बघत होती. एवढं जीव ओतून काम करणारी माणसं त्या पार्ककडे आहेत, म्हणूनच ताटात जे आलं त्याचं जास्त वाईट वाटलं.

रांग बरीच मोठी होती. नंबर लागून बसलो, ऑर्डर दिली आणि पाणी प्यायच्या आत सगळं एकदम टेबलावर हजर! बाबा, तुम्ही तिथे असतात तर तेव्हाच तुमची मान हलली असती. एवढ्या गर्दीत चार वेगवेगळे पदार्थ एकाच वेळी येतात, याचा अर्थ ते आधीच कुठेतरी तयार होऊन पडलेले असतात.

मोठ्या मुलाने तळलेले बटाटे मागवले होते. ते आले खजिन्याच्या पेटीत, चांगलं घट्ट झाकण लावून. त्याने मोठ्या उत्साहाने पेटी उघडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि खाली सगळे काप एकमेकांना चिकटलेले. एक उचलला की तो मधेच वाकायचा. तळाला असलेले तर ओले झाले होते. तुम्ही कँटीनमधल्या पोरांना हेच सांगायचात ना, की तळलेलं कधी झाकायचं नाही? बटाट्याच्या पोटातलं पाणी वाफ होऊन बाहेर येतच राहतं. वाट मोकळी असली तर ती निघून जाते, झाकण असलं की तीच वाफ कुरकुरीत सालीत मुरते. ही गोष्ट तिथल्या स्वयंपाक्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पेटी ज्याने ठरवली त्याने फोटोत ती कशी दिसेल एवढंच पाहिलं असणार.

सूप कोमट होतं. पाव कडेला वाळलेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

भाताबद्दल मात्र लिहायलाच हवं. धाकटीसाठी भाताचं कासव आलं होतं, वाटाण्याचे डोळे आणि गाजराचे पाय असलेलं. ती खूश. मी सवयीने आधी चमचा मधोमध घातला. वरचा थर चटका बसेल इतका गरम आणि आत थेट गार. कोमटही नाही, फ्रिजमधून आत्ता काढल्यासारखा गार. मी ताट बाजूला केलं, कासव मोडलं म्हणून ती रडली, पण तो भात मी तिला खाऊ दिला नाही. बाबा, तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात बराच वेळ बाहेर राहिला की ते वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर पटकन ५ अंशांच्या खाली गेलं पाहिजे, आणि पुन्हा गरम करायचं तर अगदी आतपर्यंत. तो भात बाहेर किती वेळ होता हे कळायला मला काही मार्ग नव्हता. त्यांच्याकडे तरी होता का, कुणास ठाऊक.

वाढणाऱ्या मुलाला बोलावलं. विशीतला असेल. त्याने चमचा घालून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, इथे शिजवायची सोयच नाही. सगळं मोठ्या किचनमधून पाकिटात येतं, आम्ही फक्त गरम करतो." त्याने दुसरं ताट आणलं. ते आतपर्यंत गरम होतं, पण कडेचा भात वाळून कडक झालेला. मी त्याला काहीच बोलले नाही, कारण राग काढावा असा तो माणूस नव्हता. मग व्यवस्थापक आले. ते म्हणाले, गर्दीच्या दिवशी असं होतं. हे वाक्य मला अजून खुपतंय. सुट्टीच्या दिवशी पार्कमध्ये गर्दी होणार हे त्यांना त्या दिवशी सकाळी कळलं का? किती तिकिटं विकली गेली याचा आकडा त्यांच्याकडेच असतो. किती माणसं जेवणार याचा इतका चांगला अंदाज दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघराला मिळत असेल?

असं का होतं यावर मी घरी येऊन बराच विचार केला, थोडं वाचलंही. तुम्हाला आवडेल असं काही सापडलं. अमेरिकेतलं पहिलं डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं, तेव्हा फाटकावर थोडे पैसे आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं अशी पद्धत होती. ती १९८२ पर्यंत चालली, मग एकाच तिकिटात सगळ्या राइड्स झाल्या. त्याआधीच, १९७१ मध्ये, वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने यावर निबंध लिहिला होता. आत येण्याचे जास्त घ्यावेत की आतल्या प्रत्येक गोष्टीचे, हा त्यातला प्रश्न. आज बहुतेक मोठ्या पार्कांनी राइड्सचे पैसे फाटकावरच घेऊन टाकलेत. आत गेल्यावर पुन्हा पाकिटात हात घालायला लागतो तो मुख्यतः खाण्यापिण्यासाठी, गाडी उभी करण्यासाठी आणि खेळण्यांसाठी. यातलं खेळणं नको म्हणता येतं. भूक नको म्हणता येत नाही. बाहेरचं खाणं आत न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी. फाटक मागे राहिलेलं, मुलं दमलेली, ऊन डोक्यावर. अशा वेळी समोरचा जो भाव सांगेल तो आपण देतो आणि जे वाढेल ते खातो. चव बिघडली म्हणून त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाणार नसतं.

आणि इथे मला सारखे तुम्ही आठवत होतात, बाबा. तुमची माणसंसुद्धा फाटकाच्या आतच होती. अर्ध्या तासाच्या सुट्टीत बाहेर जाऊन खाऊन येणं कुणाला शक्य होतं? त्यांना दुसरीकडे जाता येणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तुम्ही पहिल्या पाळीला आणि शेवटच्या पाळीला एकच चव लागली पाहिजे म्हणून हटून बसायचात. एकदम मोठा घाणा काढून ठेवला तर आचाऱ्यावर चिडायचात, लहान लहान काढ म्हणायचात. रात्रपाळीच्या माणसाला दुपारचं उरलेलं वाढलं म्हणून तुम्ही एका मदतनिसाला कसं झापलं होतं, ते आईने मला कितीदा सांगितलंय. ज्याला उठून जाता येत नाही, त्याला जास्त जपून वाढायचं, हे मी तुमच्याकडे पाहून शिकले. त्या जहाजात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्याच बंद फाटकाचा दुसराही उपयोग करता येतो.

पार्क मोठं असलं की जेवण असंच असणार, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. कोपनहेगनचं तिवोली उद्यान १८४३ पासून सुरू आहे आणि तिथे पाळणे आहेत तशीच चांगली उपाहारगृहंही आहेत. लोक तिथे मुद्दाम जेवायला जातात. उलट तयारी कमी पडली तर काय होतं तेही जुनंच आहे. डिस्नीलँडच्या पहिल्या दिवशी, १७ जुलै १९५५ ला, अपेक्षेपेक्षा फार जास्त माणसं आत शिरली, खाणं संपलं, आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ सगळीकडे चालू नव्हते. कडक उन्हाचा दिवस. पण तो पहिला दिवस होता. आम्ही गेलो ते पार्क कित्येक वर्षं चालू आहे.

आता आई, तुझ्याबद्दल. तुला जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेऊन रांगेत उभं राहायला लागू नये, ही माझी खरी काळजी आहे. त्या गोळीने साखर खाली येते, आणि वर जेवायला उशीर झाला तर ती ७० च्या खाली जाऊ शकते. म्हणून ताट समोर येईपर्यंत गोळी घेऊ नकोस असं माझं म्हणणं आहे, पण हे डॉक्टरांना विचारूनच ठरव. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा नक्की विचार. ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या पिशवीत असतीलच. हात थरथरले, घाम आला की लगेच १५ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे मी मोठ्यालासुद्धा शिकवून ठेवलंय. तो ते अगदी मनावर घेऊन पाठ म्हणून दाखवतो.

मी पार्कला फोनही केला. बाहेरचं खाणं नेता येत नाही, पण आजारपणामुळे लागणारं आणि बाळाचं खाणं चालतं असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तसं लेखी कळवा म्हटलं, तर ईमेल आला. तो छापून बरोबर ठेवीन, म्हणजे फाटकावर वाद नको. हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येतं हेही विचारून घेतलं. म्हणून मी असं ठरवलंय: सकाळी लवकर आत जायचं, बाबांच्या गुडघ्याला झेपेल तेवढंच फिरायचं, आणि साडेअकराच्या सुमाराला, गर्दी उसळायच्या आत, बाहेर येऊन नीट बसून जेवायचं. दुपारचं ऊन बाहेरच काढायचं. चार वाजता पुन्हा आत. जहाज बघायला मात्र तुम्हाला नक्की नेणार आहे, आत बसून सरबत घेऊ. ते छत खरंच बघण्यासारखं आहे.

तुम्ही दोघं येणार म्हणून मुलांनी आत्तापासून कुठल्या राइडला आजी आणि कुठल्या राइडला आजोबा, याची वाटणी सुरू केली आहे. आई, तुझ्या वाट्याला सगळ्या हळू चालणाऱ्या आल्यात. काळजी करू नकोस.

तब्येतीला जपा. बाबा, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका.

तुमची लेक

ता. क. पार्कला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा सोबत जोडला आहे. बाबा, तो तुम्ही वाचून मगच मी पाठवणार. पैसे परत मागितलेले नाहीत. तीन गोष्टी मागितल्या आहेत: तळलेल्या पदार्थांवरचं झाकण काढा, गरम केलेल्या अन्नाचं तापमान मधोमध मोजून लिहून ठेवा, आणि मधुमेह असलेल्यांना रांगेशिवाय जेवायला बसवा. भाताबद्दलचा परिच्छेद विशेष नीट बघा, त्यात कुठे चूक राहायला नको. वाढणाऱ्या मुलाचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे, त्याची नोकरी अडचणीत यायला नको. भाषा कडक वाटली तरी सौम्य करू नका.