मनाच्या उभारीसाठी आधी मांड्या बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की ठिकठिकाणच्या ज्येष्ठ नागरिक संघांची कार्यक्रमपत्रिका जवळपास सारखीच निघते. रक्तदाब आणि साखरेची तपासणी, हास्ययोग, ‘आनंदी वार्धक्य’ या विषयावर व्याख्यान, शेवटी अल्पोपाहार. यात वावगे काही नाही. पण हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते, हे त्या दिवशी कुणी मोजत नाही. म्हातारपणी माणसाला आतून कसे वाटते, याचा बराचसा हिशेब तिथेच लागतो.

‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असे घरातली वडील मंडळी म्हणू लागली की आपण मन रमवायचे उपाय सुचवतो. आमच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायात अनेकदा उलटा क्रम दिसतो. आधी मांडीचे स्नायू उतरतात. मग जिना नकोसा होतो, दिवसातून दोनदा खाली उतरणारा माणूस एकदाच उतरतो. एखादा तोल जातो, पडण्याची धास्ती बसते. कट्टा सुटतो, लग्नकार्यांना जाणे बंद होते, आणि मन उदास होते ते त्यानंतर. त्यात घरचे प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही बसा, मी आणून देते.’ पाण्याचा पेला, पेपर, चष्मा सगळे जागेवर. दिवसभरात होणारी वीस-पंचवीस वेळची उठबस अशी पाच-सहावर येते आणि राहिलेली ताकदही जाते. निव्वळ पडून राहण्याची किंमत किती, याचा अभ्यास झालेला आहे. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर दोन्ही पायांतले मिळून जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘अजून आठवडाभर आराम करा’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मोजणी सोपी आहे. चाके नसलेली, साधारण १७ इंच उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसायचे. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ वेळा तरी जमायला हवे. ७५ ते ७९ मध्ये अनुक्रमे ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. यापेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका जास्त समजतात. हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर गुण शून्य. रोज सकाळी तासभर बागेत फिरणारे कितीतरी आजोबा या चाचणीत नापास होतात, आणि त्यांना ते पटत नाही! चालण्याने दमसास वाढतो, साखर आटोक्यात राहते. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर इतका भार पडतच नाही की तिची ताकद वाढावी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आपण पहिला भाग उचलला, बाकीचे दोन सोडून दिले.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावले कमरेइतक्या अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर आले की उठा. बसताना मनात चार मोजत सावकाश बसा; सावकाश उतरतानाही स्नायू चांगला कामाला लागतो, आणि तेवढेच टाळून लोक धपकन बसतात. आठ ते दहा वेळा, दोन मिनिटे विसावा, पुन्हा तितकेच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण बोलता यायला हवे. सुरुवातीला उठताच येत नसेल तर बसायच्या जागी घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवून उंची तीन-चार इंच वाढवा आणि दर आठवड्याला एकेक घडी कमी करा. दहा-दहा सहज जमू लागले की लिटरभर पाण्याची बाटली छातीशी धरा. नेमका इथेच लोक थांबतात. तेच ते दहा वर्षभर केले तर ताकद आहे तिथेच राहते.

त्याच्या जोडीला स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, दहा वेळा. आणि ओट्याजवळच एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे टेकवून दहा सेकंद उभे राहणे, आधी हात लावून, मग न लावता. डोळे मिटण्याची हौस नको.

चुका ठरलेल्या असतात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उठताना मोठ्याने आकडे मोजावेत. गुडघे आत वळत असतील तर मांड्यांच्या मध्ये छोटी उशी ठेवा. स्नायू एक-दोन दिवस दुखले तर चालेल, पण गुडघा दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर खुर्चीची उंची वाढवा. व्यायाम सोडू नका. उठल्यावर अंधारी येत असेल तर आधी पाच मिनिटे आडवे राहून आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि झोपेच्या गोळ्या यात अनेकदा सापडतात. छातीत दुखत असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर विचारल्याशिवाय सुरुवातच नको.

‘या वयात काय ताकद येणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनचे उदाहरण आहे. १९९० मध्ये तिथल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली.

आहाराकडे मात्र बारकाईने बघावे लागते. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्याकडे सकाळी चहा-खारी आणि रात्री मऊ भात असा बेत असतो, त्यात हा आकडा गाठणे अवघड. पेलाभर दूध किंवा एक अंडे साधारण सहा-सात ग्रॅम देते, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळही तेवढेच. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, दाण्याच्या कुटाचा काय तो आधार. आणि आजींनी उसळ का सोडली ते विचारा. पुष्कळदा कवळी सैल झालेली असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

उदासीचे म्हणाल तर व्यायाम हा नुसता विरंगुळा नव्हे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवर अभ्यास झाला. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांना सोळा आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांइतकाच गुण आला. फक्त गोळ्यांचा परिणाम लवकर दिसू लागला होता. म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. पहाटे तीनला जाग, तुटलेली भूक, तपासणीत काही न निघणारी अंगदुखी असे दोन आठवडे चालले तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. उतारवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यापेक्षा दुखण्याच्या तक्रारीतूनच बाहेर येते.

ज्येष्ठ नागरिक संघांना विनंती एवढीच की यंदा साखरेच्या टेबलाशेजारी एक टणक खुर्ची आणि एक घड्याळ ठेवावे. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. महापालिका आणि नगरपालिकांनीही बागांकडे बघावे. ओपन जिममध्ये अधांतरी पाय झुलवायची यंत्रे बसवली जातात; तोल सांभाळता न येणाऱ्याने त्यावर चढायचे तरी कसे? त्याच पैशात १७-१८ इंच उंचीची, दोन्ही बाजूंना हात असलेली बाके आणि भिंतीलगत कमरेच्या उंचीचा लोखंडी दांडा बसवता येतो. सध्याची बरीच बाके इतकी बुटकी आणि बिनहाताची आहेत की त्यावर बसलेल्या आजींना उठवायला दुसरे कुणी लागते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा